यादीतून खोडलेलं नाव

१२ एप्रिल १९७४, डोंगरकडा

नाव खोडलं. मला न विचारता. लग्न करून या गावात आले तेव्हापासून दर जयंतीला विहारात मी भाषण करते. यंदा कुशीत चार महिन्यांची सुजाता आहे, म्हणून नाव खोडलं. समितीचे माणिकदादा दुपारी दारातूनच म्हणाले, "वहिनी, लेकरू अंगावर पितंय. तुमाला काहून तकलीफ द्यायची?"

त्यांचा एवढा राग नाही. राग ह्यांचा आहे. "मीच सांगितलं खोडायला. तू आता आई झालीस," म्हणाले. आई झाले म्हणजे काय, वाचा गेली माझी? नवऱ्यानंच नाव खोडायला लावावं?

सुजाताला ह्यांच्या मांडीवर दिलं अन् तशीच विहारात गेले. यादी मागितली, खोडलेल्या नावाखाली पुन्हा लिहिलं.

माणिकदादा म्हणाले, "अन् भाषणात पोरगी रडली तर?"

"तिचा बाप समोरच बसून राहील. घेईल तिला."

घरी आले तर सुजाता रडून लाल झालेली, हे तिला घेऊन येरझारा घालत होते. तिला पदराखाली घेतलं आणि पाजता पाजता भाषण मोठ्यानं म्हणायला लागले. शेवटपर्यंत म्हटलं.