फाइलीतली एक ओळ

फ्रीगंज, उज्जैन
१२ जानेवारी २००६

चि. आल्हाद यास बाबांचे भरभरून आशीर्वाद.

तिकडे थंडी कशी आहे? इथे हाडं गोठतायत. मी मजेत आहे. भाजी रोज बटाट्याचीच, पण जमते आता.

मुद्द्याचं सांगतो. तू इथे ठेवलेला कॉम्प्युटर मी दुरुस्त केला आहे. घाबरू नकोस, काही उडालेलं नाही.

दिवाळीत तू आईच्या खोलीत बसून किती चिडचिड केलीस! घरबसल्या पुण्याच्या ऑफिसच्या नेटवर्कात नेणारं ते व्हीपीएन जोडलं की थोडा वेळ सगळं चाले, मग ऑफिसची एकही मशीन नावाने सापडेना. "इथून काम होणं शक्य नाही, बाबा," म्हणालास आणि भाऊबीजेआधीच बॅग भरलीस. मला तेव्हा त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तू गेल्यावर हात धुऊन मागे लागलो. बँकेतून रिटायर झालेल्याला दुसरा उद्योग काय?

टावर चौकात प्रतिभा कॉम्प्युटरचे क्लास घेते. तीच, आईकडे पेटी शिकायला यायची ती. तिने समजावलं. मशीनचं नाव सांगून तिचा पत्ता कुणाला विचारायचा, ते तुझ्या कॉम्प्युटरच्या लिनक्स सिस्टिममध्ये एका छोट्या फाइलीत लिहिलेलं असतं. व्हीपीएन तिथे तुझ्या ऑफिसचा पत्ता लिहितं. आपल्या घरचं नेट सांभाळणारा प्रोग्राम थोड्या वेळाने येतो, ते पुसतो आणि स्वतःचं लिहितो. दोघांनाही वाटतं, फाइल आपल्याच बापाची.

मी अस्सल बँकेतला इलाज केला, फाइलीलाच कुलूप! कुणालाच लिहिता येईना. प्रतिभाने तिच्या क्लासच्या इंदूरच्या मुख्य ऑफिसचं व्हीपीएन जोडून पाहिलं, तर तिथलं काहीच सापडेना. हसत सुटली. "काका, तुम्ही तर दोघांचेही हात बांधून टाकले! ऐसा थोड़ी चलता है?"

मग ते कुलूप काढलं आणि तिच्या सांगण्यावरून घरच्या प्रोग्रामच्या फाइलीत मी एक ओळ घातली. आता व्हीपीएन चालू आहे तोवर घरचा प्रोग्राम गप्प बसतो; ते बंद झालं की आपला पत्ता परत लिहितो. दिवसभर चालवलं, एकदाही अडलं नाही. त्या आनंदात शिरा केला आणि एकट्यानेच खाल्ला.

पुढच्या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध. रजा मिळणार नाही म्हणालास. आता रजा नको, इथूनच काम कर. एवढंच लिहिणार होतो.

पण राहवत नाही. तू गेल्यावर देवास गेटच्या बसस्टँडवर बसचा एजंट भेटला. "भैया तो आते ही लौटने की सीट करा गए थे," म्हणाला. म्हणजे नेट बिघडायच्या आधीच. मला राग नाही आला रे. आईच्या त्या खोलीत मलाही बसवत नाही. या फाइलीच्या नादी लागून प्रतिभाच्या क्लासात बसायचो तेही संध्याकाळी घरी लवकर परतायला नको म्हणूनच. आपण दोघं एका घरात होतो आणि तिचं नाव एकदाही काढलं नाही. फार एकटं वाटलं मला तेव्हा, तू गेल्यावर वाटलं त्याहूनही.

काल वाटलं, दुरुस्तीच्या भरात मी तुझं कारणच काढून घेतलं. खरंच येववत नसेल तर मला तेवढं सांग. मी ती ओळ खोडून टाकीन, आणि श्राद्धाला कुणी विचारलं तर म्हणेन, आल्हादचं काम इथून होत नाही.

दोन्ही तऱ्हेने तुझेच,
बाबा