बॉडी आपली बांधायची

९ मार्च, जळगाव

‘‘तयार गाडी लेवानी नही, बेटा. चासी लेवानी, बॉडी आपली बांधानी.’’

माझे वडील, नाना, हे म्हणाले तेव्हा मी दुसरीत होते. धुळ्याला आग्रा रोडवरच्या गॅरेजात आमचा ट्रक बांधला जात होता. कंपनीकडून आलेली नुसती चासी — चाकं, इंजिन, उघडं स्टिअरिंग — आणि त्यावर सुतार फळ्या ठोकत होते. नाना महिनाभर तिथंच बाज टाकून राहिले. मी आईनं दिलेला डबा घेऊन जायचे. ओल्या रंगाचा वास अजून नाकात आहे. त्याच ट्रकनं पुढं कित्येक वर्षं सावद्याची केळी दिल्लीला नेली.

आज आठवलं ते मयुरीच्या कॉम्प्युटरमुळे. दोन वर्षांपूर्वी लेकीला तयार गेमिंग पीसी घेऊन दिला होता — काचेची बाजू, आत लाल दिवे. मला वाटलं, झालं काम! आता गेम अडखळतात, कॉलेजचं ॲनिमेशनही. मोठं ग्राफिक्स कार्ड हवं. दुकानदारानं उघडून पाहिलं नि मान हलवली. पॉवर सप्लाय कमी ताकदीचा. मोठा टाकावा, तर याचा प्लग कंपनीचा खास — दुसरा बसतच नाही.

घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा नाना ऐकत होते. ‘‘म्हंजे मोठं इंजिन बसत नही? मंग कसानी गाडी ती!’’

१२ मार्च

नाना गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आले त्याला दोन महिने होत आले. आता काठीशिवाय चालतात. अभिमनचा — धाकट्या भावाचा — रोज फोन. ‘‘अक्का, नानांना न्यायला कधी येऊ?’’ मी टाळते. आई गेल्यापासून धुळ्याच्या फ्लॅटमध्ये ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. इथं बोलतात. मयुरीशी भांडतातसुद्धा! मला त्यांना पाठवायचं नाही.

पण लेकीच्या घरी बापानं राहू नये, हे त्यांच्या हाडात आहे. रोज सकाळी दूध स्वतः आणतात. म्हणजे इथलं फुकट खाल्लं नाही! घर माझ्या एकटीच्या पगारातून उभं राहिलं, जावयाचा यात काही संबंध नाही — सांगून पाहिलं. ‘‘लेकनं घर ते लेकनं घर.’’

१५ मार्च

ठरलं. सुटे भाग आणून नवा बांधायचा. जुन्यातला प्रोसेसर आणि रॅम चालतील. बाकी नवं. मयुरी बेताचा पॉवर सप्लाय घेत होती. नाना अडून बसले — ‘‘मोठा ले. पुढे कामले ई.’’

अभिमनला कळवलं, नाना कामात आहेत. ‘‘कोणत्या?’’ ‘‘बॉडी बांधताहेत!’’ तो हसला नाही.

२२ मार्च

जेवणाच्या टेबलावर चादर, चादरीवर सगळं मांडलेलं. मयुरी स्क्रू लावतेय, नाना टॉर्च धरून. प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावायची वेळ आली.

‘‘भरपूर लाव ना! ग्रीसमा कंजुशी करानी नही.’’

‘‘नाना, चण्याएवढंच लावतात!’’

‘‘इंजिन तापी मंग मन्हाकडे येऊ नको.’’

वायरी मात्र त्यांनीच बांधल्या. ट्रकच्या डॅशबोर्डमागे बांधायचे तशाच — ओळीनं, घट्ट. मी चहाचा कप हातात घेऊन पाहत राहिले. चहा निवला. ती गॅरेजातली बाज, तो रंग, आई घरी वाट पाहतेय... सगळं त्या टेबलावर येऊन बसलं होतं.

चालू करण्याआधी नारळ हवाच! ‘‘बाल्कनीत फोडा, पाणी उडेल!’’ मयुरी ओरडली. हळद-कुंकू काचेला लागलंच. पहिल्या झटक्यात सुरू झाला.

२३ मार्च

मयुरीनं नानांना ट्रकचा गेम लावून दिला. थोडा वेळ पाहिला. ‘‘रस्तावर एक बी खड्डा नही. खोटं शे बठ्ठं!’’ सगळं खोटं, तरी उठले नाहीत.

२६ मार्च

आज दूध आणायला विसरले. मला काय आनंद झाला! मीच गुपचूप जाऊन आणलं.

२८ मार्च

अभिमन आला, न कळवता. जिन्यातच भांडले त्याच्याशी. ‘‘का मागे लागलास? राहू दे की त्यांना!’’

तो पायरीवरच टेकला. मग म्हणाला, ‘‘अक्का, मी नाही गं. नानाच रोज फोन करतात. म्हणतात, ‘माले लवकर ली जाय. आठे करमाले लागनं.’ ’’

इथं करमायला लागलं — म्हणून!

आत नाना पिशवी भरताहेत. मी इथं स्वयंपाकघरात उभ्यानं लिहितेय. आखाजीला, अक्षय तृतीयेला, लेक बापाकडे येते, बाप लेकीकडे राहत नाही — हेच म्हणतील. तरी जाऊन म्हणणार आहे, नाना, यंदाची आखाजी इथंच करा.