ऋतुजाच्या जागी ओंकार

१० मार्च, सोमवार. सांगली

आधी काय झालं ते, मत न देता.

१. माण तालुक्यातल्या शाळांत आम्ही वर्षाच्या अंतराने मोजलेल्या मुलांत एक ऋतुजा. आठ वर्षं पूर्ण. उंची एकशे चार सें.मी. वर्षभरातली वाढ तीन सें.मी.सुद्धा नाही.
२. वाढीचं संप्रेरक तिच्या शरीरात पुरेसं तयार होतं का, हे पाहण्याची चाचणी आज सकाळी ठेवली होती. उपाशीपोटी यायचं, गोळी घ्यायची, मग थांबून थांबून रक्त द्यायचं.
३. पहाटेच्या एसटीने विट्यावरून तिची आई आली. बरोबर ऋतुजा नाही. थोरला भाऊ ओंकार, वय पंधरा.
४. मी त्या वेळी साताऱ्यात, शाळांच्या परवानग्यांच्या बैठकीत.
५. आमच्या विभागप्रमुख सरांनी विचारलं, उपाशी आहे का? मुलगा हो म्हणाला. मग करून टाका, म्हणाले.
६. या फेरीला मोजून मिळालेल्या चाचण्यांतली शेवटची ओंकारवर खर्च झाली.
७. ओंकारला वाढीचा आजार असण्याची शक्यता जवळजवळ नाही. हे मी फोनवरही सांगितलं असतं. फोन कुणी केला नाही.

संतापाला क्रमांक दिलेला नाही.

११ मार्च

सरांशी बोलले. ते वाईट नाहीत, त्यामुळे भांडताही येत नाही. म्हणाले, "अगं, इतक्या लांबून आले होते, परत पाठवायचं का? आणि निवड घरच्यांनीच केली ना."

महिनाअखेर मोफत औषधाची नोंदणी बंद. चाचणी नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर इंजेक्शन नाही. रोज एक, वाढीचं वय संपेपर्यंत. हे त्या घराला स्वतःच्या बळावर जमणारं नाही. पुढची फेरी मंजूर नाही. मी म्हटलं, गेलेलं वर्ष या मुलीला परत मिळत नाही. सरांनी मान हलवली. ज्यांनी मला हे शिकवलं त्यांनाच ते समजावून सांगण्यात सकाळ गेली.

दुपारी जुने आकडे भरले. आमच्याकडे आपणहून आलेल्यांत मुलगेच जास्त का, याला आता पुराव्याची गरज वाटत नाही.

१२ मार्च

ओंकारचा निकाल आला. संप्रेरक व्यवस्थित. हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय तेराचं. वडीलही दहावीनंतर उंच झाले होते, असं आईने सोमवारी सांगितल्याची नोंद आहे. म्हणजे उशिरा वाढणारा, एवढंच.

फोन केला. त्यानेच उचलला. सांगितलं, तू वाढशील.

"कवा?"

म्हटलं, दोनेक वर्षांत कळेल.

"तवा फौजेच्या भरतीचं वय हुईल मॅडम. उंची न्हाई भरली तर पळून काय उपयोग?"

मग म्हणाला, त्याचा रिपोर्ट चांगला आलाय तर तो ऋतूच्या नावावर करता येतो का. तिचं काम होऊन जाईल. मी म्हटलं, तुझा चांगला रिपोर्ट तिच्या नावावर गेला तर तिला औषध कधीच मिळणार नाही. चांगला रिपोर्ट आपल्याला नकोय.

म्हणाला, "मग मी कशाला ग्येलो?"

हाच प्रश्न मी काल सरांना विचारला होता. इतक्या थोड्या शब्दांत नाही.

१५ मार्च, शनिवार. दहिवडी आणि परत

होळी, धुळवड झाल्यावर गेले. घर गावाबाहेर, पुढे मेंढरांचा वाडगा, मागे बाजरीचं रान, आता मोकळं. वडील हवालदार, सीमेवर. घरात आजी, आई, दोन मुलं.

दाराच्या चौकटीवर लाल रंगाची रेघ. भरतीला लागणाऱ्या उंचीची. आजोबा फौजेत होते, त्यांनी मारलेली. या घरातला प्रत्येक मुलगा त्या रेघेखाली उभा राहून मोठा झाला. ओंकारच्या पेन्सिलीच्या खुणा तिच्याकडे चढत गेल्यात, शेवटच्या दोन एकमेकींना चिकटून. वाडग्याजवळच्या कडुलिंबाला तो सकाळ-संध्याकाळ लोंबकळतो. हाताला घट्टे पडलेत.

खाली, गुडघ्यावर बसून पाहावी लागेल अशी एक वेगळी रेघ. ऋतुजाची. गणपतीच्या सुट्टीत हट्ट करून वडिलांकडून काढून घेतली. मी न सांगता ती जाऊन तिथे उभी राहिली, पाठ टेकून, हनुवटी वर. हनुवटी मी खाली केली. गणपतीपासून नखाएवढा फरक. चौकटीवरची रेघ मी मोजमापात धरणार नाही. पण पाहिली.

चेहरा पाच वर्षांच्या मुलीचा, गाल भरलेले, आवाज बारीक. शाळेत प्रार्थनेला कायम पहिली. आई कौतुकाने म्हणाली, "लय गुणाची हाय. हिची कापडं फाटत्यात, पण आखूड हुईत न्हाईत."

आजींनी पुरणपोळी वाढली आणि मुद्दाही वाढला. पोरीच्या जातीला उंची कशाला? "नवरा काय फूटपट्टी घिऊन येतो व्हय?" पोराचं तसं नाही, पोराला सरकार मोजून घेतं. एकालाच बोलावलं होतं, मग ज्याला गरज त्याला नेलं. यात चुकलं काय?

मी गती समजावली. उंची किती यापेक्षा ती किती वेगाने वाढते ते महत्त्वाचं, वगैरे. आजींनी मला चपलांपासून केसांपर्यंत पाहून घेतलं.

"आन् तुझी गं किती उंची?"

चार फूट दहा. सांगितलं.

"मग? शिकलीस, नोकरी करतीस, पोरांची रगतं काढत फिरतीस. तुझं काय अडलं?"

ओंकार हसला, आईने त्याला डोळ्यांनी दटावलं. उत्तर परतीच्या एसटीत सुचलं: मी ठेंगणी आहे, पण मी दरवर्षी वाढत होते. ही वाढायची थांबलीय. एसटीत सुचून काय फायदा.

तोच दिवस, निघताना. स्टँडपर्यंत आई सोडायला आली. गाडी लागल्यावर म्हणाली, "ताई, रागावू नका. तिला उपाशी आना म्हनला व्हता तुमी."

हो म्हटलं.

"उपाशी ऱ्हायली की ती गळती. डोळं पांढरं करती. तिच्या उशाला मी गुळाचा खडा ठिवते, उठल्या उठल्या तोंडात घालते. इतक्या लांब एसटीत काय झालं आसतं तर? म्हनून न्हाई आनली." आणि सासूबाईंना तिने भरतीचं कारण सांगितलं, कारण ते त्यांना पटतं.

म्हटलं, मला का नाही सांगितलंत?

"तुमी विचारलं न्हाई. कागदावर निस्तं 'उपाशी' लिवलं व्हतं."

हे संप्रेरक कमी असलं की उपाशीपोटी साखर उतरू शकते. आम्ही शोधत होतो ते लक्षण गुळाच्या खड्याच्या रूपाने तिच्या उशाशी होतं. आणि आमच्याच सूचनेने तिला दारात थांबवलं. गाडी सुटली. आईशी नीट बोललेही नाही.

१७ मार्च, सोमवार. सांगली

सरांना गुळाचं सांगितलं. ते चष्मा काढून बसले. मग फोन फिरवत राहिले. पुण्याहून एक चाचणी मागवली. मुलीला आदल्या संध्याकाळी दाखल करायचं, साखर बघत राहायचं, सलाईन तयार. मंगळवार, २५.

सूचनापत्रात 'मूल उपाशी राहिल्यावर काय होतं?' हा प्रश्न घातला. पहिल्या ओळीत.

मग सर म्हणाले, वडिलांची संमती घे. आईची पुरेशी नाही का, विचारलं. कायद्याने पुरेशी, म्हणाले. "पण ती देईल का एकटी?"

१८ मार्च

नाही देणार. आई फोनवर म्हणाली, त्यांना विचारल्याशिवाय मी सही केली तर या घरात पुढे कुठलीच सही करता येणार नाही. तिने वडिलांना मेसेज टाकला होता, मोठा. उत्तर आलं ते तिने वाचून दाखवलं: "ओंकारचं काय झालं?"

एवढंच. तिच्या मेसेजमध्ये ओंकारचं नाव नव्हतं.

त्यांच्या चौकीला रेंज येते-जाते. मी त्यांना तीनदा फोन लावला, लागला नाही. मधल्या वेळात आईच्या फोनवर आजी आल्या. पोळी पचली का विचारलं. मग म्हणाल्या, "दवाखान्यात ठिवल्याली पोरगी म्हनून बोभाटा हुतो. पुढं तिला कोन करून घेनार?" पण फोन ठेवण्याआधी, हळू: "गुळ बी बंद करायचा व्हय?"

नाही, म्हटलं. गूळ चालू ठेवा.

त्यांनी तो प्रश्न का विचारला, यावर विचार करणं टाळते. आशा हे मोजमाप नाही.

१९ मार्च, बुधवार

सकाळी वडिलांना मेसेज पाठवला. चार वेळा लिहिला. पहिल्या तीनांत संशोधन हा शब्द होता, तो काढला. अजून एकच टिक. मजकूर इथे उतरवून ठेवते.

"नमस्कार. मी सांगलीहून, मुलांच्या वाढीच्या तपासणीतली. ओंकारची तपासणी झाली. तो ठीक आहे, उशिरा वाढेल, तुमच्यासारखाच. हा मेसेज ऋतुजाबद्दल आहे. गणपतीच्या सुट्टीत तुम्ही चौकटीवर तिची रेघ काढलीत. शनिवारी ती माझ्यासमोर त्याच रेघेला उभी राहिली. नखाएवढीच वाढली आहे. सकाळी गूळ तोंडात घातल्याशिवाय तिला उभं राहता येत नाही, हे तिच्या आईने सांगितलं. तिला नुसती उंच करण्यासाठी बोलावत नाही. दोन्हींचं कारण एकच असावं आणि त्यावर औषध आहे, पण ते तपासल्याशिवाय देता येत नाही, आणि या महिन्यानंतर आमच्याकडून देता येणार नाही. दाखल सोमवारी संध्याकाळी, तपासणी मंगळवारी, २५ मार्चला. आई बरोबर राहील. ती तुमच्या होकारासाठी थांबली आहे. हो किंवा नाही, जे असेल ते शनिवार, २२ मार्चपर्यंत कळवा."