आईंची वाटी किती ग्रॅमची?

शनिवार, ४ ऑक्टोबर

नानकटाईचे दगड झाले! चक्क दगड.

बेकरीवाल्या मॉरीनने आईंची नानकटाई चाखल्यापासून धोशा लावलाय. दिवाळीच्या आठवड्यात दुकानात ठेवायची म्हणते, पण रेसिपी ग्रॅममध्ये हवी. "अर्चना, माय बेकर्स डोन्ट डू वाटी!" आणि सासूबाईंचं तर सगळं त्या एका स्टीलच्या वाटीवर. मी हुशारी केली — वाटीभर पाणी तोललं, दीडशे ग्रॅम. मग मैदा दीडशे, बेसन दीडशे, रवाही दीडशे!

आईंनी एक उचलली, चहात बुडवली, बराच वेळ तशीच धरून ठेवली. "वास छान आलाय गं," म्हणाल्या. दुसरं कुणी असतं तर हसलं असतं.

रविवार, ५ ऑक्टोबर

आज शहाणपणा बाजूला ठेवला. वजनकाट्यावर वाटी ठेवली, आकडा शून्यावर आणला. "आई, तुम्ही भरा, मी लिहिते."

मैदा दहा वेळा भरला. ७८, ७८, ७७, ७८, ७९... पुढचेही तसेच! मी भरला तेव्हा ७४, ९१, ८५. मी पिशवीत वाटी खुपसते. त्या चमच्याने हलकेच सोडतात आणि सुरीच्या पाठीने वरचं उतरवतात. दाबत नाहीत, आपटत नाहीत.

मग बेसन — ६९. रवा — १०५. एकाच वाटीत! मी एमएस्सी, आणि तिन्ही सारखेच धरून बसले होते.

माझा नवरा अनुप डोकावला. "आई, यू आर अ मशीन!"

"मशीन बंद पडतं रे," आई म्हणाल्या आणि अकरावी वाटी भरली. ७८.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

पिठीसाखर झाली, तूप झालं. वेलचीवर अडलंय. चिमूटभर पूड टाकली तर काटा ढिम्म — शून्यच दाखवतो.

बुधवार, ८ ऑक्टोबर

आईंनी सोडवलं! "चाळीस चिमटी टाकते, एकदम तोल." बारा ग्रॅम झाले. भागिले चाळीस — ०.३.

"हे सुचलं कसं तुम्हाला?"

"त्यात काय सुचायचंय? लेस्टरला होजिअरीत लेबलं अशीच मोजायचो. शंभर मोजायची, तोलायची, मग अख्खी पेटी काट्यावर. सुपरवायझरला मीच दाखवलं होतं."

एकतीस वर्षं त्या फॅक्टरीत होत्या. बाबा गेल्यावर आमच्याकडे नॉटिंगहॅमला आल्या, त्याला दोन वर्षं झाली. फॅक्टरीत नक्की काय करायच्या, हे मी एकदाही विचारलं नव्हतं! रात्रीच्या भाजीत मीठ घालायचंच विसरले, इतकी त्या शंभर लेबलांत अडकले होते.

शनिवार, ११ ऑक्टोबर

बेकरीत परीक्षा. आमचा कागद बघून तिथल्या बेकरने साठ नानकटाया केल्या. आईंनी कशाला हात लावला नाही. हात मागे घेऊन उभ्या होत्या, पण बोटं चुळबुळत होती.

ट्रे बाहेर आला. साठही खुसखुशीत, वर बारीक भेगा — अगदी आईंच्या! मॉरीनने एक खाल्ली. लगेच दुसरी उचलली आणि आईंकडे वळली. "शशी, दे आर ऑल द सेम!"

"नो," आई म्हणाल्या. "लेफ्ट साइड हॉट. टर्न द ट्रे."

खरंच, डावीकडच्या किंचित लाल होत्या. बेकर आता ट्रेकडे नाही, आईंकडेच बघत होता.

सोमवार, १३ ऑक्टोबर

मॉरीनने आईंना काम दिलंय, आठवड्याचे तीन दिवस. शिवाय दुकानावरची खोली. एक तारखेला आई तिथे राहायला जाणार. "आमचं काही चुकलं का?" मी विचारलं. "नाही गं. पण बहात्तर वर्षांत मी एकटीची अशी राहिलेच नाही कधी." अनुपला अजून माहीत नाही. मला म्हणाल्या, तू सांग.