लॅपटॉपमधली कर्मचारी-कपात

सोमवार, ३ मार्च

मेहुण्याने लॅपटॉप आणून दिला. त्याच्या ऑफिसात दोघांच्या हाताखालून गेलेला. जुना आहे, पण जुन्यात दम असतो, हे माझ्याकडे बघूनही कुणाच्या लक्षात यायला हरकत नाही.

शुक्रवारी अकरा वाजता ऑनलाइन इंटरव्ह्यू. मालवाहतुकीची कंपनी, पद समन्वय अधिकारी. एकोणीस वर्षं मी समन्वयच केला आहे, तेव्हा नोकरी जवळजवळ खिशात. (जुनी नोकरी मी स्वतःहून सोडली. साहेबांनी फक्त तारीख सुचवली.)

लॅपटॉप सुरू होताना छान सूर वाजतो. पण नंतर पडद्यावर नुसता बाजार. हवामान, खरेदी, पत्ते, फोटोंचे अल्बम, आणि एक सुरक्षारक्षक, जो कोपऱ्यातून सारखा वर येऊन सांगतो की तुमचा संगणक धोक्यात आहे. त्याची मोफत मुदत मागच्या मालकाच्या काळातच संपली आहे. एवढं बिनकामाचं बिऱ्हाड पोसायचं म्हटल्यावर यंत्र धापा टाकणारच.

संकल्प: उद्यापासून साफसफाई. लेक म्हणाली, मीटिंगचं पान उघडतंय ना, मग बाकी कशाला हात लावू नका. बायकोचं मत, चालतोय तर चालू द्या. या घरात दूरदृष्टी मला एकट्यालाच आहे.

मंगळवार, ४ मार्च

पत्ते काढून टाकले. आधी तीन डाव खेळून बघितले, उगाच पूर्वग्रह नको. हवामानवाल्याला नारळ; खिडकी आहे की. अल्बम गेला. खरेदीवाला गेला आणि जेवण होईपर्यंत परत येऊन बसला. पुन्हा घालवला.

रक्षक मात्र हलत नाही. काढायला गेलो तर विचारतो, आम्हाला का सोडताय, कृपया कारण लिहा. मी दोन परिच्छेद लिहिले, सभ्य भाषेत. जुन्या ऑफिसात मला कुणी एवढंही विचारलं नव्हतं. त्याने आभार मानले आणि तिथेच राहिला.

बायको दवाखान्यातून आली. दिवसभर काउंटरवर पेशंटांची बोलणी खाऊन तिचा चेहरा उतरलेला असतो. विचारलं, तयारी झाली का? म्हटलं, तीच चालू आहे. तिने पुढे काही विचारलं नाही. कित्येक महिने एकटी घर ओढते आहे आणि पुढे काही विचारत नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

बुधवार, ५ मार्च

एक मोफत सफाई प्रोग्रॅम डाउनलोड केला. तो येताना दोन भाऊ घेऊन आला. एकाने ब्राउझरच्या डोक्यावर स्वतःची पाटी लावली. दुसरा माझं सारखं अभिनंदन करतो, की आज तुम्ही भाग्यवान ग्राहक आहात. त्याला घरची परिस्थिती माहीत नसावी.

दुपारी धोरण ठरवलं. आता मऊपणा नाही. एकेकाला समोर घ्यायचं आणि विचारायचं, तू नेमकं काय करतोस? काम दिसलं नाही तर नारळ. कठोर आहे, पण ऑफिसं अशीच चालतात. साहेबांनीही मला हाच प्रश्न विचारला होता. मी म्हणालो, समन्वय. स्टोअरचं म्हणणं अकाउंट्सला सांगायचं, अकाउंट्सचं गाडीवाल्यांना. ते म्हणाले, हो, पण म्हणजे नेमकं काय?

हे उगाच आठवलं.

तर एक जण सापडला. नाव औषधाच्या बाटलीवर शोभेल असं. पडद्यावर चिन्ह नाही, कधी समोर आला नाही, आणि जागा मात्र ऐसपैस अडवून बसलेला. यंत्राने दोनदा विचारलं, नक्की काढायचा? मी दोन्ही वेळा ठणकावून सांगितलं, नक्की. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

गुरुवार, ६ मार्च

सकाळी लॅपटॉप सुरू केला तर सूरसुद्धा वाजला नाही. काय ती शांतता. गोंगाट करणारी मंडळी गेल्याची हीच खूण.

रक्षक आणि भाग्यवान ग्राहकवाला अजून आहेत, पण त्यांचा बंदोबस्त मला जमला आहे. कोपऱ्यात काही हललं की फुली. आता वाचायलाही थांबत नाही. हात असा बसला आहे की बघत राहावं.

लेक म्हणाली, एक कॉल करून आवाज तपासू. म्हटलं, यंत्र ठणठणीत आहे. ती म्हणाली, बाबा, एकदाच. मी आवाज चढवला. ती निघून गेली. माझ्याच आवाजाचा मला रागही आला, पण उद्यापर्यंत मन स्थिर ठेवणं महत्त्वाचं.

शर्टाला इस्त्री केली. पँट दिसणार नाही, तरी तिलाही केली. या वेळी काही चुकायला नको. या वेळी खरंच काही चुकायला नको.

शुक्रवार, ७ मार्च, दुपार

झाला. चांगला झाला. बहुतेक.

फोन बंद करून कपाटात ठेवला होता, मधेच वाजायला नको म्हणून. अकराला तिघं पडद्यावर आले. दोन साहेब आणि मधे एक बाई. ओठ हलत होते, ऐकू काही येईना. त्यांच्याकडे बिघाड असणार. पहिल्याच भेटीत तोंडावर सांगून त्यांना ओशाळं कशाला करा? प्रश्न काय असतात हे मला पाठ आहे, म्हणून अंदाजाने उत्तरं देत गेलो. बाई सारख्या कानाला हात लावत होत्या. मी माझे कानावरचे केस नीट केले. मग एका साहेबांनी अंगठा कानाशी आणि करंगळी तोंडाशी नेली. त्यांना फोन आला असावा. म्हटलं, घ्या ना, मी थांबतो.

कोपऱ्यात चौकट वर आली. फुली. पुन्हा आली. फुली. त्यांनी सारखं यायचं आणि मी सारखं उडवायचं. एवढ्या ताणातही हात चुकला नाही.

शेवटी तुम्ही नेमकं काय करत होता हा प्रश्न आला असावा, कारण बाई बराच वेळ नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी उत्तर दिलं. इतकं चांगलं आयुष्यात दिलं नव्हतं. समन्वय म्हणजे काय, ते बोलता बोलता मला स्वतःलाच कळत गेलं. मग पडदा काळा झाला.

बायकोचा लॅपटॉपवरच मेसेज आला, कसं झालं? लिहिलं, समोरच्यांची बोलती बंद. घरी आल्यावर तिने पुन्हा ऐकायला मागितलं, आणि हसली. फार दिवसांनी हसली.

शनिवार, ८ मार्च

सकाळी कंपनीचा मेल. आपला आवाज येत नव्हता. तसं चॅटमध्ये पुन्हा पुन्हा कळवलं, फोनवर बोलू असंही लिहिलं, पण उत्तर आलं नाही आणि फोन बंद होता. समन्वयाच्या पदासाठी संपर्कच होऊ न शकल्याने दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. शुभेच्छा.

म्हणजे कोपऱ्यातून ती माणसं वर येत होती.

बायकोला वाचून दाखवायला तोंड नव्हतं. लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. तिने वाचलं आणि एवढंच म्हणाली, "अहो, मी काल येतानाच दवाखान्यात सगळ्यांना सांगून आले होते." मग डबा भरून कामावर गेली.

लेकीने कुणाकुणाला काढलं ते विचारलं. औषधाच्या बाटलीवाल्याचं सांगितल्यावर तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, "बाबा, तो स्वतः काही करत नाही. इकडचं तिकडे ऐकू जाईल आणि तिकडचं इकडे, एवढंच बघतो. असतो तेव्हा त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं."

मी खिडकीबाहेर बघत बसलो.

मग तिने लॅपटॉप कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसा करायला घेतला. दुपारी सूर वाजला. मागोमाग हवामान आलं. पत्ते, अल्बम, खरेदी. रक्षकाची तर मोफत मुदतही नव्याने सुरू झाली. बाटलीवाला कुठे दिसत नाही, पण सूर वाजला, म्हणजे तोही आला.

ज्यांना ज्यांना मी नारळ दिला, ते सगळे पुन्हा कामावर रुजू झाले.

मी तेवढा घरी.