भुलाबाईच्या कॅसेटमधली परकी बाई

जळगाव. सोमवार, भुलाबाईचा चौथा दिवस, १९९६

काय माणूस आहे हा भिकनभाऊ! सख्खा धाकटा दीर, पण अक्कल धुळ्यातच ठेवून येतो. मी कॅसेट देऊन एवढंच म्हटलं होतं, एक बाजू कोरी आहे, तिच्यावर खेळाची गाणी भरून आण. भुलाबाई खेळतो ना आपण? मग खेळाची गाणी म्हणजे दुसरी कोणती?

आज गल्लीतल्या बाया जमल्या, मी टेप लावला, तर कोणी परकी बाई गळा काढून गायला लागली. शेजारची सुमन म्हणते, "अक्का, तुनी भुलाबाई इलायतनी शे का वं?" बठ्ठ्या बाया हसल्या.

कोपऱ्यावरच्या बूथवरून भिकनभाऊला फोन केला. हा म्हणतो, "वहिनी, व्हिडिओ गेमची गाणी आहेत ती. त्या खेळाचे जेवढे भाग निघाले, त्या सगळ्यांतली एकत्र केलेली. मित्रानं जपानहून आणली. एका बाजूत मावेनात, म्हणून दोन्ही बाजू भरल्या."

दोन्ही बाजू! अरे, एका बाजूला सासूबाईंनी गायलेली भुलाबाईची गाणी होती. लकवा झाल्यापासून त्यांना शब्द फुटत नाही. आज आपलाच आवाज ऐकायला पुढे येऊन बसल्या होत्या, आणि त्या बाईचं गाणं संपेपर्यंत हलल्या नाहीत. खेळात गाणी लागतात तरी कशाला? आणि ह्यानं आधी एकदा लावून ऐकू नये?

फोनवर बजावलंय, कॅसेट भरणाऱ्या दुकानदाराला विचार, पुसायच्या आधी जुनी गाणी दुसरीकडे उतरवली का. हो की नाही, कोजागिरीला भुलाबाई उठायच्या आत मला सांग.