टाकीच्या अलीकडं आई, पलीकडं बाई

वाडी, सास्तूरजवळ
३० जून २०२४

ती. आप्पा आणि सौ. आईस,
शिवांजलीचा सा. न. वि. वि.

आपलं फोनवर भांडण झालं त्याला आज आठ दिवस झाले. आईनं हुकूमच काढला आहे, की निकिताच्या शाळेचा विषय फोनवर निघायचा न्हाय, बाप-लेकीला जे भांडायचं ते लिहून भांडा, लिहिता लिहिता निम्मा राग उतरतो. म्हणून हे पत्र. आंतरदेशीय पत्र मागितलं तर पोस्टमन महारुद्रनं आधी माझ्याकडं बघून घेतलं आणि विचारलं की बाई, घरी समदं ठीक आहे न्हवं?

तुम्ही फोन ठेवलात तेव्हा माझं बोलणं अर्धंच झालं होतं. आता पूर्ण ऐका. पोरं गोळा करायला जूनमध्ये मी आणि आमचे हेडमास्तर रणधीर सर दारोदार फिरत होतो. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कुलसुमबी आहेत ना, त्यांच्या दारात गेलो. त्यांची नात निखत यंदा तिसरीत. मी आपली शाळा कशी चांगली, हे पाच मिनिटं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि मग विचारलं की बाई, एवढी चांगली शाळा हाय तर तुमची पोर रोज सकाळी त्या पिवळ्या गाडीत बसून लोहाऱ्याच्या इंग्रजी शाळेला का जाती? रणधीर सर कपात बघत बसले. मी उरलेला चहा एका घोटात संपवून उठले, आप्पा. बारा वर्षांच्या नोकरीत इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी निकिताचा दाखला काढून आणला आणि तिला माझ्याच वर्गात बसवलं. निकिताचे बाबा तुमच्यासारखे मिशीतून फक्त फुरफुरले. पण त्याच आठवड्यात निखत आली, आणि तिच्यामागून गाडीतली अजून चार पोरं आली. आता निकिता गेली तर ती पाचही जाणार, हे मला चांगलं ठाऊक आहे.

आम्ही दोघींनी नियम ठरवले आहेत. गावातली पाण्याची टाकी ही हद्द. टाकीच्या अलीकडं, म्हणजे घराकडं, मी आई. पलीकडं मी बाई. अलीकडं शाळेचं बोलायचं नाही, पलीकडं घरचं. नाहीतर लोक म्हणतील, बाई पोरीला घरी पेपर सांगते. काल टाकीपाशी पाऊल टाकता टाकता पोरगी म्हणाली की आई, माझी वेणी सुटली, आणि पुढच्याच पावलाला म्हणाली की बाई, मी वेणी घालू का?

रागापेक्षा लोभ एक बोट जास्त असावा.
तुमची,
शिवांजली

मुरुम
१४ जुलै २०२४

चि. सौ. शिवांजलीस,
आप्पाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नवव्या दिवशी पोचलं. आमचा गडी बिरू बैलगाडी घेऊन निघाला असता तर वाटेत दोन मुक्काम करून, पाहुणचार झोडून लवकर आला असता. ‘साष्टांग’चं तू ‘सा.’ केलंस. बाकीचा नमस्कार वाटेत सांडला असं समजतो.

मी इंग्रजी शाळेचा भोक्ता नाही. चौतीस वर्षं खडू झिजवला तो मराठीतच. माझं म्हणणं एवढंच, की स्वतःच्या वर्गात स्वतःचं मूल घेऊ नये. का ते विचारू नकोस. शिक्षकाचं मूल शिक्षकाच्या वर्गात सुखी नसतं, एवढं लक्षात ठेव. इथं मुरुमला आमच्या घरामागंच एक शाळा आहे, तिथल्या बाईंशी बोलून ठेवलं आहे. निकितानं आमच्याजवळ राहावं. सकाळी मी सोडीन, दुपारी आणीन, तेवढाच माझा गुडघा चालता राहील.

तुझी आई हे पत्र लिहू देत नव्हती. पोरगी बरोबर बोलती, तुमीच चुकता, असा निकाल तिनं तुझं पत्र अर्धं वाचून व्हायच्या आतच दिला. मग तडजोड झाली. दिवाळीपर्यंत बघायचं. पोरगी रमली तर मी एक अक्षर काढणार नाही. नाही रमली तर दिवाळीला तिचं दप्तर मुरुमला येईल. कबूल असेल तर तसं लिही.

आईनं शेंगाची चटणी पाठवली आहे. वाटेत तिखटानं डबा फुटला नाही तर पोचेल.

माया आहे तशीच आहे, फक्त वर राग ठेवला आहे.
तुझा,
आप्पा

वाडी
१८ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप आप्पा आणि सौ. आईस,
शिवांजलीचा साष्टांग (पूर्ण) नमस्कार वि. वि.

दिवाळीची अट कबूल. आणि आत्ताच सांगून ठेवते, तुम्ही हरणार.

तुम्हाला भीती वाटत असेल की मी पोरीला झुकतं माप देईन. आप्पा, शप्पथ सांगते, उभ्या वाडीत कुणी बोट दाखवू शकणार नाही. खिचडीच्या रांगेत निकिता सगळ्यात शेवटी. वही तपासायची तर तिची सगळ्यांच्या खाली. घटक चाचणीत तिला आणि निखतला सारखेच गुण पडले, मी पहिला नंबर निखतला दिला. कुलसुमबींनी त्या दिवशी पातेल्याच्या तळाची खरपूस खरवड काढून निकिताच्या ताटात वाढली आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच खिचडी करपवली.

पंधरा ऑगस्टची गंमत ऐका. भाषण निकिताला तोंडपाठ होतं, घरात कुकरच्या शिट्ट्यांवर म्हणत होती. पण मी ते वर्गातल्या रुद्रेशला दिलं. रुद्रेश दोन वाक्यं बोलला आणि तिसऱ्याला थांबला तो थांबलाच. सरपंच वर झेंड्याकडं बघायला लागले. रांगेतून निकिता नुसते ओठ हलवून त्याला पुढचं सांगत होती. मी डोळे वटारले तशी गप्प झाली. शेवटी रुद्रेशनं एकदम ‘जय हिंद’ म्हणून टाकलं आणि सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या.

पहिल्या महिन्यात पोरगी प्रत्येक प्रश्नाला हात वर करायची, पार गुडघ्यावर उभी राहून. मी मुद्दाम दुसऱ्याला विचारायची. आता शांत बसते, हात वर करत नाही. शिस्त लागली म्हणायची. घरी येऊन तक्रारीचा एक शब्द नाही.

सांगा आता, रमली की नाही?

लोभाचं माप मात्र झुकतंच असू द्या.
तुमची,
शिवांजली

मुरुम
१ सप्टेंबर २०२४

चि. सौ. शिवांजलीस,
आप्पाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तुझ्या आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती उडीद निवडत होती. खरवडीपर्यंत हसत होती. शांत बसते, हात वर करत नाही, या ओळीला तिनं सूप खाली ठेवलं आणि विचारलं की पोरगी शाळंला जाती का मौनाच्या उपवासाला? मग माझ्याकडं बघून म्हणाली की लेक बापावरच गेली. ती असं का म्हणाली हे मला मुळीच कळलं नाही.

एकच विचारतो. जूनपासून आजपर्यंत तू निकिताला वर्गात किती प्रश्न विचारलेस? अंदाज नको, आकडा लिही.

दुसरं. मी सोबत वीस कोरी पोस्टकार्डं पाठवत आहे. हल्ली पुस्तकातला पत्रलेखनाचा पाठ पोरं वहीत लिहितात आणि वही कपाटात जाते, ते काही पत्र नव्हे. तुझ्या तिसरी-चौथीच्या प्रत्येकानं खऱ्या माणसाला खरं पत्र लिहावं आणि स्वतः पेटीत टाकावं. अट एकच, बाईंनी ते आधी वाचायचं नाही. चुका राहिल्या तर राहू देत. मी निवृत्त झालो म्हणून अट घालायचा माझा हक्क गेलेला नाही.

दिवाळी जवळ येत चालली आहे. घरामागच्या शाळेच्या बाई रस्त्यात भेटल्या की निकिता कधी येणार म्हणून विचारतात.

लोभ आहे, पण आकड्याची वाट बघतो आहे.
तुझा,
आप्पा

जि. प. शाळा, वाडी
२३ सप्टेंबर

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. तू पण मजेत असशील. मी तुला सकाळीच बघितलं आहे.

पत्र लिहायचं कारण की आमच्या बाई. त्या लई छान शिकवतात. भागाकार पण त्यांच्यामुळं आला. पण त्या सगळ्यांना विचारतात आणि मला विचारत नाहीत. मी मोजलं आहे. शाळा सुरू झाल्यापासून एकदाच विचारलं, की निकिता डस्टर कुठं आहे. ते मला येत होतं.

आधी वाटलं बाईंना मी दिसत नसेन म्हणून मी पुढं बसले. मग वाटलं मी त्यांना आवडत नसेन. निखत म्हणाली असं नसतं. पण तिला त्या शाब्बास म्हणतात म्हणून ती तसं म्हणते.

घरी सांगितलं असतं पण टाकीच्या अलीकडं शाळेचं बोलायचं नाही. म्हणून पत्र. तू एकदा शाळेत येऊन बाईंना सांग. माझं नाव सांगू नकोस, नाहीतर त्यांना वाईट वाटेल.

आजोबा मुरुमला ये म्हणतात. तिथल्या बाई विचारतात का ते त्यांना विचार.

तुझी लाडकी,
निकिता
इयत्ता तिसरी

वाडी
२९ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

आकडा एक. डस्टर कुठं आहे.

निकितानं पोस्टकार्ड मला लिहिलं, म्हणजे तिच्या आईला, आणि महारुद्र ते गुरुवारी शाळेतच घेऊन आला. भर वर्गात. पहिलं पत्र आलं म्हणून पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी ते उभ्यानं वाचलं आणि फळ्याकडं तोंड करून किती वेळ काय लिहीत होते ते मला माहीत नाही. शेवटी चौथीतला एकजण म्हणाला की बाई, तुम्ही सात हा आकडा तीनदा लिहिला. वळून बघितलं तर सगळी हसत होती आणि निकिता एकटीच पाटीवर मान घालून बसली होती.

आप्पा, मला फार रडू आलं. तीन महिने मी लोकांना दाखवत होते की मी किती सरळ आहे, आणि त्याची किंमत माझ्या पोरीनं मोजली. पोर समोर बसून हात वर करत होती, मी बघत होते, आणि तुम्हाला लिहीत होते की शिस्त लागली.

मी तिला आई म्हणून पत्र टाकलं आहे. लिहिलं आहे की मी तुझ्या बाईंना भेटले, नाव सांगितलं नाही, पण त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्यांची चूक आहे असं त्या स्वतःच म्हणाल्या. महारुद्र म्हणाला की बाई, हातात द्या की, एकाच घरात तर राहता. मी म्हटलं, शिक्का मारा.

आता दिवाळीची अट माझ्याकडून मी सोडते. ती पाच पोरं गेली तरी चालतील, पण निकिताचा निकाल निकिताच देईल. तिनं मुरुम म्हटलं तर मी स्वतः दप्तर घेऊन येईन.

आणि आप्पा, चौथीत मी तुमच्या वर्गात होते. तुम्हाला पत्र लिहावं हे मला तेव्हा सुचलं नाही.

माया असू द्या, आत्ता तिची गरज आहे.
तुमची,
शिवांजली

मुरुम
७ ऑक्टोबर २०२४

चि. शिवांजलीस,
आप्पाचे अनेक आशीर्वाद.

‘लेक बापावरच गेली’ असं तुझी आई का म्हणाली, ते मला कळलं होतं. पोस्टकार्डं पण मी उगीच पाठवली नव्हती.

तू चौथीत असताना पाढ्यांच्या स्पर्धेत तू पहिली आलीस. तीसपर्यंत एकही अडखळ नाही. बक्षिसाला कंपासपेटी होती. गुरुजींनी पोरीलाच दिली असं कुणी म्हणू नये म्हणून मी ती दुसऱ्या आलेल्या कुलदीपला दिली, तो अठ्ठाविसात दोनदा चुकला होता. तू टाळ्या वाजवल्यास. घरी आल्यावर तुझी आई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि अजूनही मला भाजीत मीठ कमी लागलं की ती गोष्ट निघते. तू मात्र कधीच काही बोलली नाहीस, म्हणून मला वाटलं तू विसरलीस. मी चुकलो होतो. हे सांगायला मला एकोणतीस वर्षं लागली.

सोबत कंपासपेटी पाठवत आहे. ही निकितासाठी नाही. ही तुझी.

लोभ मागत नाही, देतो आहे.
तुझा,
आप्पा

ता. क. तुझी आई पेटी बांधायला सुतळी देताना म्हणाली की आता भाजीत मीठ बरोबर पडेल.

जि. प. शाळा, वाडी
१८ ऑक्टोबर

तीर्थरूप आजोबा आणि आजीस,
साष्टांग नमस्कार.

आईचं पत्र आलं. ती खरंच शाळेत जाऊन बाईंना भेटली. मला दिसली नाही, पण भेटली.

आता बाई मला विचारतात. काल तीन प्रश्न विचारले. दोन आले. तिसरा आला नाही तर बाई रागावल्या, की लक्ष कुठं आहे. रुद्रेशला रागावतात तश्शाच. मी मधल्या सुट्टीत निखतला सांगितलं. कुलसुमबींना पण सांगितलं. त्यांनी खरवड दिली नाही, म्हणाल्या आता सगळ्यांएवढीच खिचडी खा.

मी दिवाळीला मुरुमला येईन, पण नुसतं फराळाला. दप्तर आणणार नाही. आजोबा, तुमच्या गुडघ्यासाठी आपण दोघं रोज बाजारापर्यंत जाऊ.

अजून एक. बाईंच्या टेबलावर एक नवी कंपासपेटी आहे. त्या कुणाला हात लावू देत नाहीत, मधेच उघडून बघतात आणि बंद करतात. मला एकदा बघायची आहे. बाईंना विचारायची भीती वाटते, म्हणून टाकीच्या अलीकडं आले की, नियम असला तरी, आईला सांगून बघणार आहे.

तुमची लाडकी,
निकिता